चार बुंधे आणि हिंगाची पुडी

'काका, नमस्कार. आमचं घर श्रीवर्धन तालुक्यात, घरामागे बारा गुंठ्यांची वाडी. वाडीत सध्या चार बुंधे उभे आहेत. दोन माडांचे. माड भुंग्याने गेले, गेल्या वर्षी तोडून घेतले, तोडणाऱ्यांनी बुंधे छातीएवढे ठेवले. तिसरा रायवळ आंब्याचा. निसर्ग वादळात आंबा मध्यावर मोडला, आता बुंध्याला मनगटाएवढे धुमारे आलेत. चौथा सुबाभळीचा, न्हाणीघराच्या भिंतीपासून चार हातांवर. दोनदा तोडली, दोनदा फुटली. मे महिन्यात मुंबईची मंडळी येतात, पोरांना खेळायला मोकळी जागा हवी. जेसीबीवाला म्हणतो, एका दिवसात सगळं साफ करून देतो. शेजारच्या आजी म्हणतात, भोक पाडून हिंग भर. दीर ऑनलाइन पावडर मागवतो म्हणतात. आमचे हे म्हणतात, डिझेल ओतून पेटवून देऊ. कोणाचं ऐकू? आणि परवानगी वगैरे लागते का?'

ताई, चौघांपैकी कोणाचंच ऐकू नका, असं एका ओळीत लिहून मोकळा झालो असतो. पण आजींचा मान राखायला हवा, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करतो.

हिंगाने झाड मरतं हे मीही लहानपणापासून ऐकत आलोय. आमच्या आळीत तर कोणाचं झाड अचानक वाळलं की 'हिंग घातला असणार' म्हणून शेजाऱ्याकडे बोट जायचं. हिंग म्हणजे इराण-अफगाणिस्तानातल्या एका झुडपाच्या मुळातून पाझरणारा चीक. तो वाळवायचा, आणि आपल्याकडच्या डबीत येईपर्यंत त्यात मैदा आणि डिंक मिसळलेला असतो. म्हणजे आजींचं ऐकलंत तर सुबाभळीला फोडणीतलं पीठ चारल्यासारखं होईल. हिंगाच्या नावाखाली लोक खरं तर पारा, मोरचूद, ॲसिड असलं काहीतरी ओततात. तुमच्या वाडीत विहीर असणारच. तिच्या आसपासच्या जमिनीत असलं काही घालायचा विचारही नको. मिठाचंही तेच. मीठ बुंध्यापेक्षा आधी भोवतालची माती नासवतं. आणि माडाला तर आपण मीठ खत म्हणून घालतो, त्याला त्याने काय होणार आहे!

दीरांची पावडर. असल्या बहुतेक पावडरींत पोटॅशियम नायट्रेट असतं. नाशिक-सांगलीचे द्राक्षवाले हेच '13-0-45' म्हणून विद्राव्य खताच्या दुकानातून पोत्याने आणतात. त्याने बुंधा विरघळत नाही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला नत्र मिळतं, कुजणं थोडं लवकर होतं, बस. तेवढं काम शेणकाला आणि मूठभर युरियाही करतो. दीरांना म्हणावं, पैसे ठेवा, ते कलमाला लागतील. कसले कलम ते पुढे सांगतो.

पेटवण्याचं मात्र मी हात जोडून सांगतो, नको. पंचवीस वर्षांपूर्वी हा पराक्रम मी स्वतः केलाय. आंब्याचा वाळका बुंधा, वर गोवऱ्या रचल्या, डिझेल ओतलं. संध्याकाळपर्यंत वरचा वीतभर भाग काळा झाला आणि आग विझली. विझली असं मला वाटलं. चौथ्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, मोगऱ्याच्या आळ्यातून धूर येतोय. वाळलेल्या मुळातून निखारा आतल्या आत सरकत बुंध्यापासून सात-आठ फुटांवर पोचला होता. मोगरा गेला. त्या जागी गवताची गंजी असती तर काय झालं असतं, ते आजही मनात आणवत नाही. आणि एवढं करून जमिनीखालचा बुंधा तसाच्या तसा होता, कारण जमिनीत ओल असते आणि हवा नसते.

आता तुमचे बुंधे. पत्रात तुम्ही चौघांना एका ओळीत बसवलंत, आणि गफलत तिथेच झालीये. दोन मेलेत, एक मरायला तयार नाही आणि एकाला मारायची गरजच नाही.

आधी माड, कारण तिथे घाई आहे. माडाला वाढीचा डोळा एकच, शेंड्यातला कोंब. तो गेला की माड गेला. म्हणून तोडलेला माड बुडातून कधी फुटत नाही आणि त्याला मारायला काही घालावं लागत नाही. तो नुसता कुजतो. पण कुजणारं माडाचं खोड म्हणजे गेंडा भुंग्याचं बाळंतघर. मादी अंडी घालते ती कुजक्या खोडात, शेणखताच्या उकिरड्यात. तिथे पांढरी, जाड, कोयत्यासारखी वाकडी अळी वाढते, बरीचशी हुमणीसारखी दिसणारी. तिचा भुंगा होतो आणि तो उडून शेजारच्या जिवंत माडाच्या कोंबात शिरतो. नवी झावळी उलगडली की तिच्यावर कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात, ती त्याची सही. मोठा माड गेंडा भुंगा एकटा सहसा मारत नाही. त्याने केलेल्या जखमेतून लाल सोंड्या शिरतो आणि आतून पोखरतो. तुमचे माड बहुधा असेच गेले असतील. आणि ज्याने दोन माड खाल्ले त्याच्यासाठी तुम्ही तेच बुंधे वर्षभर पावसात भिजत ठेवलेत! चोराला ओसरीवर अंथरूण घालून दिल्यासारखं झालं हे. 3 जून 2020 च्या वादळात आपल्या किनाऱ्यावर किती माड-पोफळी आडव्या झाल्या ते तुम्ही पाहिलंय. वादळानंतर पडलेली खोडं उचलली जात नाहीत, तिथे भुंग्याची पुढची पिढी वाढते, हे जगभरच्या नारळवाल्यांना ठाऊक आहे.

तेव्हा हे दोन बुंधे मुळासकट काढा. आणि छातीएवढे ठेवले म्हणून तोडणाऱ्यांना बोल लावला असेल तर परत घ्या. नकळत का होईना, त्यांनी तुमच्यावर उपकार केलेत. बुंधा जितका उंच तितकी तरफ लांब. जमिनीलगत कापलेला बुंधा काढायला चार माणसं दिवसभर झटतात, छातीएवढा बुंधा तीन माणसं दुपारच्या जेवणाआधी आडवा करतात. म्हणून मशीनवाल्याला बोलावून तो आधी खाली कापून घेऊ नका. (इतर वाचकांनी हे वाक्य झाड तोडायच्या आधी वाचावं. नंतर वाचून उपयोग नाही.)

माडाला सोटमूळ नसतं. बुडाच्या गड्ड्यातून करंगळीएवढ्या हजारो मुळ्या चहूबाजूंना जातात. बुंध्यापासून हात-दीड हात सोडून भोवती गोल चर खणायचा, दोन फूट खोल. तुमच्याकडे जांभा असणार, मे महिन्यात तो कुदळीला दाद देत नाही, ठिणग्या उडतात. म्हणून हे काम दिवाळीच्या आसपास काढा, पावसाची ओल जमिनीत असते तोवर. उशीर झाला तर आदल्या रात्री चरात पाणी सोडून ठेवा. पहारीने मुळ्या तोडत गड्ड्याच्या खालच्या अंगाला जायचं. तीन बाजू मोकळ्या झाल्या की बुंध्याच्या वरच्या टोकाला जाड दोर बांधायचा आणि चौथ्या बाजूला ओढायचा. गावात कोणाकडे विहिरीच्या पंपाची चेनपुली असेल तर फारच छान. पण ती दुसऱ्या झाडाला बांधाल तर साल सोलणार नाही अशी गोणपाटाची घडी मध्ये घाला, आणि ओढताना दोराच्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही. दोर तुटला की चाबकासारखा येतो. पोरांना त्या दिवशी घरात कोंडा.

बुंध्यात हात घालण्याआधी काठीने ढोसून बघा. पोकळीत फुरसं असू शकतं, हे श्रीवर्धनकडच्या माणसाला मी काय सांगू. पण बाहेरून आणलेल्या गड्यांना सांगा.

आडवा झाला की लगेच चिरायचा. माडाचं लाकूड बाहेरून कडक आणि आत मऊ, आंब्या-सागाच्या बरोबर उलटं, त्यामुळे पाचर मारली की उभं फाटतं. आत अळ्या निघाल्या तर कोंबड्यांची दिवाळी. फोडी उन्हात वाळवून न्हाणीच्या चुलीत घाला. वाडीच्या कोपऱ्यात रचून ठेवू नका, नाहीतर भुंग्याचा नुसता पत्ता बदलेल. आणि एक गोष्ट नीट बघा. बुडाशी लाकडासारखी कडक, तपकिरी छत्री उगवलेली आहे का, किंवा सालीतून तांबूस चीक ओघळल्याच्या खुणा आहेत का? असतील तर भुंगा निमित्तमात्र होता, माड बुरशीच्या रोगाने गेला. मग मुळ्यांसकट सगळं तिथेच जाळायचं, खणलेली माती दुसऱ्या माडाच्या आळ्यात टाकायची नाही, आणि त्या जागी पुन्हा माड लावायची घाई करायची नाही. अशा वेळी आगीला माझी हरकत नाही. बाहेर काढून वाळवलेलं लाकूड जाळणं वेगळं आणि जमिनीतला बुंधा पेटवणं वेगळं.

खड्डा भरताना त्यात बुंध्याचेच तुकडे आणि घराचा राडारोडा टाकण्याचा मोह होतो. टाकू नका. कुजतं तसं खचतं, आणि पुढच्या पावसात तिथे डबकं होतं. नुसती माती थराथराने, पाणी मारून, धुमसून भरा. जमिनीपेक्षा वीतभर उंच ठेवा, श्रावणापर्यंत बरोबर सपाट होईल.

सुबाभूळ. ही तुमची खरी डोकेदुखी, आणि ती दोनदा का फुटली ते कळलं की निम्मं काम झालं. पानं गेली तरी मुळांत पिष्ट साठवलेलं असतं. त्या शिदोरीवर ती सालीखालचे झोपलेले डोळे जागे करते आणि धुमारे काढते. धुमाऱ्यांना पानं आली की मुळांना पुन्हा रसद सुरू. तुम्ही वर्षातून एकदा तोडता, म्हणजे तिला अकरा महिने कमाई करू देता आणि बाराव्या महिन्यात छाटणी करता. चाऱ्यासाठी लोक सुबाभूळ मुद्दाम अशीच छाटतात, ताई. तुम्ही तिची शेतीच केलीत. त्यातून न्हाणीघराचं सांडपाणी तिला बारमाही.

जेसीबी इथे अजिबात लावायचा नाही. चार हातांवर भिंत, खाली पाइप, जवळच कुठेतरी शोषखड्डा. यंत्र बुंधा ओढतं तेव्हा मूळ कुठे जातं ते यंत्राला दिसत नाही. मूळ जोत्याखाली गेलेलं असेल तर तेवढ्यापुरतं जोतं हलवूनच येतं. भिंतीला तडा गेला की तो पहिल्या पावसात दिसतो, तोवर जेसीबीवाला पैसे घेऊन दुसऱ्या गावात.

ती अख्खी काढायची गरजच नाही. सुबाभूळ फुटते ती खोडाच्या बुडातून, जिथे खोड संपून मूळ सुरू होतं त्या मानेतून. तिथून खाली नुसत्या मुळातून फुटलेली मी तरी पाहिलेली नाही. (कडुनिंबाचं आणि शिसमाचं तसं नाही, ती मुळातूनही फुटतात.) तेव्हा बुंध्याभोवतीची माती हाताने हात-दीड हात उकरा, आडवी मुळं उघडी करा. घराच्या बाजूची मुळं बुंध्याजवळच करवतीने कापून तिथेच राहू द्या, ओढू नका. मग खालचं मूळ मानेच्या वीतभर खाली कापून बुंधा उचला. हे काम नवी पालवी फुटून आठ-पंधरा दिवस झाले की करा. तेव्हा मुळातली शिदोरी बरीचशी पालवीवर खर्च झालेली असते आणि नवी कमाई अजून सुरू व्हायची असते. नंतर वर्षभर महिन्यातून एकदा तिथे चक्कर मारा. कोंब दिसला की बोटाएवढा असतानाच मुळाशी खुडायचा. आणि भोवती बारीक रोपं उगवत राहतील. तिच्या शेंगा इतकी वर्षं गळल्यात, ते बी जमिनीत बराच काळ तग धरतं. ती बुंध्याची फूट नव्हे, नुसती उपटा.

'कापून राहू दिलं तर कुजेल ना आपोआप?' असं कोणी म्हणेल. वाडीच्या दुसऱ्या टोकाला असता तर मीच म्हटलं असतं: गिरमिटाने वीत-वीत खोल भोकं पाडा, शेणकाला भरा, वर ओलं गोणपाट आणि माती टाका आणि दोन-तीन पावसाळे विसरून जा. सगळ्यात स्वस्त आणि निवांत उपाय तोच. पण भिंतीलगत नाही. कुजक्या बुंध्याला वाळवी लागते, आणि तिथून तिला तुमच्या चौकटीपर्यंत यायला परवाना लागत नाही. वाळवीबंदीच्या भारतीय मानकात, आयएस 6313 मध्ये, बांधकामाच्या जागेतले बुंधे आणि मुळं आधी काढा असं सांगितलंय ते याच कारणासाठी. त्या खड्ड्यात कापलेली मुळं राहतील, पण बुंध्याच्या मानाने ती थोडी, त्यांची फार चिंता नको. चौकटींवर मातीच्या नळ्या दिसतात का तेवढं बघत राहा.

आणि आंबा. खरं सांगू का, पत्र वाचताना मी याच ओळीवर थांबलो. वादळात अर्ध्यावर मोडलेला रायवळ, इतक्या पावसाळ्यांनंतर मनगटाएवढे धुमारे घेऊन उभा आहे, आणि तुम्ही त्याला बुंध्यांच्या यादीत घातलंत. तो बुंधा नाही हो. ते खोलवर मुळं गेलेलं जिवंत झाड आहे, फक्त त्याचं डोकं नव्याने येतंय. तुमच्या वाडीत नवं कलम लावलंत तर एवढी मुळं धरायला त्याला किती वर्षं लागतील!

त्याच्यावर कलम बांधा. जमिनीच्या जितक्या जवळून निघालेला धुमारा तितका चांगला. बुंध्याच्या वरच्या कडेवरचे धुमारे सालीला चिकटलेले असतात, आतलं लाकूड कुजलं की वाऱ्याने फाटून येतात. चहूबाजूंचे मिळून तीन-चार खालचे धुमारे राखा, बाकीचे काढा. राखलेलेही मनगटाएवढे जाड आहेत, त्यांच्यावर थेट पाचर-कलम बसवणं अवघड. ते हातभर ठेवून छाटा. नवी कोवळी फूट येईल, ती तांबूस पालवीत असताना, पावसाळ्याच्या तोंडावर, एखादा कलमं बांधणारा माणूस बोलवा. दापोली विद्यापीठाच्या परिसरात शिकलेले असे हात तुमच्या भागात मिळतील. काडी हापूसचीच हवी असं नाही. रत्ना घ्या, असं मी सुचवेन. नीलम आणि हापूस यांचा संकर, कोकण कृषी विद्यापीठाने 1981 मध्ये दिलेला. हापूससारखा एका वर्षाआड रुसत नाही आणि फळात साका, म्हणजे गरातला पांढरट फुसका भाग, होत नाही. एका धुमाऱ्यावर मात्र मूळचा रायवळ तसाच ठेवा. रायवळाच्या रसाची सर कशालाच नाही, हे माझं वैयक्तिक मत, त्यावर पत्रं पाठवू नयेत. मोडलेल्या बुंध्याचं वरचं तोंड तिरकं कापून घ्या म्हणजे पाणी साचणार नाही. तीन-चार वर्षांत मोहोर दिसावा.

परवानगीचं. माड मेलेले आणि आधीच तोडलेले, त्यांचे गड्डे काढायला अडचण नाही. आंबा मात्र जिवंत आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीत असाल तर 1964 चा वृक्षतोडीचा कायदा लागू होतो, त्याच्या यादीत आंबा आहे, फणस, चिंच, साग, जांभूळही आहे. नगरपरिषदेच्या हद्दीत असाल तर 1975 चा, आणि त्यात जाळणं किंवा कुठल्याही प्रकारे इजा करणं हेही तोडण्यातच मोजतात. तेव्हा 'बुंधाच तर होता' हे उत्तर चालेलच असं नाही. आंबा राखणार असाल तर हा प्रश्नच मिटला. सुबाभळीला हात लावण्याआधी एकदा ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत तोंडी विचारून घ्या, आणि कामाआधी चारही बुंध्यांचे फोटो काढून ठेवा.

राहिला पोरांच्या खेळाचा प्रश्न. माडांच्या दोन जागा सपाट झाल्या की मध्ये जाळी बांधायला पुरेशी जागा निघेल. पुन्हा माड लावायचे झाले तर जुन्या खड्ड्यातच न लावता थोडे सरकवून, दोन माडांत साडेसात मीटर ठेवून, कुंपणाच्या कडेने लावा. आंब्याखाली सावली मिळेपर्यंत पोरं कॉलेजात गेलेली असतील, पण ती काही आंब्याची चूक नाही.

जेसीबीवाला पुन्हा आला तर वाद घालू नका. पाखाडीच्या वळणावर यंत्र वळत नाही म्हणून सांगा. बहुतेक ते खरंही असेल.